उलटे बांधलेले रुग्णालय

२००५ सालचा पावसाळा आमच्या पिढीतले कोणी विसरलेले नाही. २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई बुडाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच दिवसांत इकडे महाडला सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले होते. तालुक्यात जुई, दासगावसारख्या गावांवर डोंगर उतरला आणि माणसे घरांसकट गाडली गेली.

माझे मोठे मामू तेव्हा महाडला राहत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या खाटेखाली एक लोखंडी पेटी असे. तीत डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद आणि पाठीच्या दुखण्याच्या अनेक वर्षांच्या तपासण्यांची जाडजूड फाइल. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर आत लगदा. पुढची दोन वर्षे मामू या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहिले. "तुम्ही आजारी होता याचा कागद आणा," असे त्यांना सांगितले जाई. मामू घरी येऊन हसत म्हणायचे, "अरे बाबा, आजार अंगात आहे. तो कागदावर कुठून आणू?"

त्या महापुरानंतर पाचच आठवड्यांनी, २९ ऑगस्ट २००५ रोजी, अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरावर कॅटरिना हे चक्रीवादळ आदळले. त्या शहरात निवृत्त सैनिकांचे एक मोठे सरकारी रुग्णालय होते. तेही बुडाले. त्याच्या जागी नवे उभे करायला अकरा वर्षे लागली, पण जे उभे राहिले ते जगभरच्या वास्तुविशारदांनी जाऊन पाहावे असे आहे. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. मात्र ती न्यू ऑर्लिन्सला सुरू होत नाही. ती ३४ वर्षे आधी, कॅलिफोर्नियात, एका पहाटे सुरू होते.

सैनिकांचे देणे

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. १८६५ च्या मार्चमध्ये, यादवी युद्ध संपत आलेले असताना, अब्राहम लिंकन यांनी आपल्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात सांगितले होते की ज्याने लढाईचा भार सोसला त्याची, त्याच्या विधवेची आणि त्याच्या पोरक्या लेकराची काळजी घेणे हे राष्ट्राचे काम आहे. पहिल्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी परतले. कोणी विषारी वायूने फुप्फुसे गमावलेले, कोणी क्षयाने खंगलेले. त्यांच्यासाठी १९२१ मध्ये 'व्हेटरन्स ब्युरो' स्थापन झाला आणि देशभर रुग्णालये बांधायचे काम निघाले.

काम निघाले की कंत्राट निघते आणि कंत्राट निघाले की काय होते हे आपल्याला सांगायला नको. या ब्युरोचा पहिलाच प्रमुख चार्ल्स फोर्ब्स रुग्णालयांच्या कंत्राटांत सरकारची फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. सैनिकाच्या नावाने पैसा खाणारे सगळीकडे असतात, तसेच ते पकडले जाण्याची व्यवस्थाही असू शकते, एवढे यातून लक्षात ठेवू. पुढे १९३० मध्ये सगळी खाती एकत्र करून आजच्या 'व्हेटरन्स अफेअर्स' खात्याचा पाया घातला गेला. तिथे त्याला सगळे 'व्हीए' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

९ फेब्रुवारी १९७१

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सान फर्नांडो खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी, व्हीएचे एक रुग्णालय होते. १९२० च्या दशकाच्या मध्यात बांधलेले. हवा कोरडी आणि स्वच्छ, म्हणून क्षयरोग्यांसाठी ही जागा निवडली होती. इमारती देखण्या होत्या, पण भूकंपाचे बळ आडवे येते आणि भिंतींनी ते सोसायचे असते, हा हिशेब त्या काळी बांधकामाच्या नियमांत नव्हता. तो आला १९३३ च्या लाँग बीच भूकंपानंतर. तेव्हा शाळांच्या इमारती पडल्या. भूकंप संध्याकाळी झाला म्हणून मुले वाचली, आणि कॅलिफोर्नियाला जाग आली. पण नियम नव्या बांधकामांना लागू झाले. जुन्या इमारती आपल्या जागी तशाच राहिल्या आणि त्यांत रुग्ण राहत राहिले.

९ फेब्रुवारी १९७१ रोजी पहाटे सहाच्या ठोक्याला जमीन हादरली. भूकंप ६.६ क्षमतेचा होता. काही सेकंदांत व्हीए रुग्णालयाच्या त्या जुन्या इमारती कोसळल्या. त्याच आवारात नंतरच्या नियमांनुसार बांधलेल्या इमारती होत्या, त्या उभ्या राहिल्या. एकच आवार, एकच भूकंप, एकच मालक. फरक होता तो बांधकामाच्या सालाचा. यापेक्षा स्पष्ट पुरावा प्रयोगशाळेतही मिळाला नसता.

त्या भूकंपात साठहून थोडी अधिक माणसे गेली. त्यांतली ४९ एकट्या या रुग्णालयातली. दोन-दोन महायुद्धांतून जिवंत परतलेली माणसे खाटेवर झोपेत मेली. टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या, त्यामुळे तासाभराहून अधिक वेळ बाहेरच्या जगाला तिथे काय झाले याचा पत्ताच नव्हता. वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला ढिगारा दिसला तेव्हा मदत निघाली. स्वयंपाकघरात काम करणारा एक माणूस ५८ तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला.

जवळच परगण्याचे 'ऑलिव्ह व्ह्यू' नावाचे रुग्णालय होते. ते तर अगदी नवेकोरे, सुरू होऊन काही आठवडेच झालेले. त्याचे जिने मुख्य इमारतीपासून सुटून कलंडले, तळमजल्याचे खांब वाकले आणि रुग्णवाहिका उभ्या करायचे छत रुग्णवाहिकांवरच पडले. नेमक्या लागणार त्याच वेळी गाड्या निकामी झाल्या. इथे तीन माणसे दगावली. त्यांतले दोघे रुग्ण इमारत अंगावर पडून मेलेले नाहीत. ते श्वास देणाऱ्या यंत्रावर होते आणि वीज गेली.

हे दोन मृत्यू लक्षात ठेवा. त्या वेळी ४९ च्या आकड्यापुढे ते झाकले गेले. पण पुढच्या पन्नास वर्षांची सगळी गोष्ट या दोन मृत्यूंत आहे.

पहिला धडा, मग दुसरा

व्हीएने सान फर्नांडोचे रुग्णालय त्या जागी पुन्हा बांधले नाही. आज तिथे माजी सैनिकांच्या नावाने एक उद्यान आहे. बदली रुग्णालय लोमा लिंडा या गावी बांधायचे ठरले आणि १९७७ मध्ये ते सुरू झाले. ही इमारत उंच मनोरा नाही. बसकी, रुंद, चारही बाजूंनी भक्कम. आत एक नवी कल्पना वापरली होती. दोन मजल्यांच्या मध्ये माणूस वावरू शकेल एवढी पोकळ जागा ठेवायची, आणि पाण्याचे नळ, वायूच्या नळ्या, विजेच्या तारा सगळ्या त्या जागेतून न्यायच्या. काही बिघडले तर कारागीर तिथे जाऊन दुरुस्ती करतो, खाली रुग्णाच्या डोक्यावर छत फोडावे लागत नाही.

कायदेही झाले. कॅलिफोर्नियाने १९७३ मध्ये रुग्णालयांसाठी स्वतंत्र भूकंप सुरक्षा कायदा केला. त्यामागचा विचार सोपा आहे. भूकंपात घर असे असावे की आतला माणूस जिवंत बाहेर पडेल. मग घर मोडले तरी चालेल. रुग्णालय मात्र असे असावे की भूकंपानंतर त्याचे दार उघडे राहील, कारण त्याच वेळी जखमी येणार असतात. केंद्राच्या कायद्यातही व्हीएच्या रुग्णालयांबद्दल तरतूद आली की ती आग, भूकंप आणि इतर नैसर्गिक आपत्तींना टिकणारी असली पाहिजेत.

ऑलिव्ह व्ह्यू त्याच जागी नव्याने बांधले गेले आणि १९८७ मध्ये सुरू झाले. या वेळी पोलादी पत्र्यांच्या आणि काँक्रीटच्या जाड भिंती. १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप झाला तेव्हा या इमारतीने तो जबरदस्त हादरा सहज पचवला. सांगाडा शाबूत राहिला. अभियंत्यांनी समाधानाचा श्वास सोडला असेल, पण तेवढ्यात आतले नळ फुटले. आग विझवण्यासाठी छतात बसवलेल्या नळांतून पाणी वॉर्डात कोसळू लागले आणि रुग्णांना हलवावे लागले. म्हणजे इमारत पास झाली आणि रुग्णालय नापास!

शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते. आम्ही एका प्रश्नाचे उत्तर मुलांकडून घोटून घेतो आणि परीक्षेत पुढचा प्रश्न येतो. १९७१ ने विचारले, भिंत टिकेल का? त्याचे उत्तर सापडेपर्यंत १९९४ ने विचारले, भिंतीच्या आतले टिकेल का? तिसरा प्रश्न अजून यायचा होता.

न्यू ऑर्लिन्स

न्यू ऑर्लिन्स शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. मिसिसिपी नदी आणि पाँचरट्रेन सरोवर यांच्या मधली ती परात आहे म्हणा ना. पाऊस पडला तरी पाणी पंपाने बाहेर फेकावे लागते. कॅटरिना वादळ शहराला थेट चाटून गेले तरी वाऱ्याने फार काही मोडले नव्हते. पण कालव्यांच्या पूरभिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. कित्येक दिवस ते पाणी हटले नाही.

व्हीएचे जुने रुग्णालय शहराच्या मध्यभागी, पर्डिडो स्ट्रीटवर होते. इमारत पडली नाही, झुकली नाही. पण तळघर भरले, आणि रुग्णालयाचा जीव तळघरात होता. विजेची यंत्रणा तिथे, इतर यंत्रे तिथे, भटारखान्याचे सामानही तिथे. वरच्या मजल्यांवर खाटा कोरड्या होत्या, औषधे होती, डॉक्टर होते. तरी ते रुग्णालय राहिले नव्हते. आतल्या दोनशेहून अधिक रुग्णांना दुसऱ्या गावी हलवावे लागले.

आसपासच्या रुग्णालयांची कथा याहून भयंकर होती. १७३६ पासून गरिबांसाठी चालत आलेल्या चॅरिटी रुग्णालयात वीज गेल्यावर डॉक्टर आणि परिचारिकांनी हाताने फुगे दाबून रुग्णांना श्वास दिला. मेमोरियल नावाच्या खासगी रुग्णालयातून पाणी ओसरल्यावर ४५ मृतदेह बाहेर काढले गेले. तिथे जनरेटर होते, पण त्यांची वीज फिरवणारी उपकरणे खाली, पुराच्या टप्प्यात होती. तिथल्या काही मृत्यूंवरून पुढे चौकशी झाली, अटका झाल्या, आणि अंधारात, उकाड्यात, पाण्याने वेढलेल्या डॉक्टरने कोणाला आधी वाचवायचे हा प्रश्न सगळ्या अमेरिकेने चर्चिला. माझ्या मते त्याहून आधीचा प्रश्न वेगळा होता. डॉक्टरवर ही वेळ आणणारी वस्तू तळमजल्यावर कोणी बसवली?

खरे तर कोणा एकाने नाही. सगळीकडे तशीच रीत होती. जड यंत्रे खाली ठेवली की इमारतीवर भार येत नाही. त्यांचा आवाज, धूर, थरथर रुग्णांपर्यंत पोहोचत नाही. वरची उजेडाची जागा खाटांना मिळते. प्रत्येक कारण शहाणपणाचे आहे. फक्त पाणी खालून येते, एवढेच त्या हिशेबात धरलेले नव्हते.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र तरली, आणि ती वाचताना मला मामूंची पेटी आठवली. त्या भागातल्या दवाखान्यांचे कागदी केसपेपर पाण्याने नष्ट झाले. लोक दुसऱ्या राज्यांत गेले तेव्हा आपण कोणती गोळी घेत होतो हेही अनेकांना सांगता येईना. व्हीएच्या रुग्णांचे तसे झाले नाही. व्हीएने बऱ्याच आधीपासून नोंदी संगणकावर ठेवल्या होत्या. त्यांच्या प्रती न्यू ऑर्लिन्सहून ह्यूस्टनला नेण्यात आल्या आणि हजारो माजी सैनिकांचा इतिहास दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना पडद्यावर दिसू लागला. इमारत गेली, कागद गेला, पण आजाराचा पुरावा राहिला.

वरचे खाली, खालचे वर

नव्या रुग्णालयाचा आराखडा करताना तिसरा प्रश्न समोर होता: बाहेरून काहीच मिळाले नाही, तर हे रुग्णालय किती दिवस चालेल?

हे काम 'स्टुडिओ नोव्हा' या नावाने एकत्र आलेल्या तीन वास्तुविशारद संस्थांना मिळाले. सिएटलची एनबीबीजे, आणि तिच्यासोबत न्यू ऑर्लिन्सच्याच एस्क्यू प्लस ड्यूमेझ प्लस रिपल आणि रोझास वॉर्ड. त्यांनी नेहमीचे रुग्णालय घेतले आणि उलटे केले. तिथे त्याला 'उलटे रुग्णालय' असेच म्हटले गेले.

ज्याच्यावाचून रुग्णालय एक तासही चालणार नाही ते सगळे पूररेषेच्या किमान २० फूट वर. वीज, जनरेटर, भटारखाना, आपत्कालीन विभाग, सगळे वर. मग खाली काय? खाली ते, जे बुडाले तरी चालेल. येण्याजाण्याच्या वाटा, प्रतीक्षेच्या जागा, असे. पुराचा अंदाज आला की खालचे आवरायचे आणि वर जायचे. कोकणात पूर्वी खाडीकाठच्या घरात भाताचे कोठार माळ्यावर असे, त्यातलाच हा विचार.

आपत्कालीन विभाग वर ठेवला की रुग्णवाहिका तिथे जाणार कशी? त्यासाठी लांब उतार बांधला. एरवी त्यावरून रुग्णवाहिका चढते. शहरात पाणी भरले की उताराचा खालचा भाग बुडतो आणि उरलेला भाग होड्यांचा धक्का होतो. कॅटरिनात माणसे होड्यांतून आली होती आणि त्यांना उतरायला जागा नव्हती. तो अनुभव इथे काँक्रीटमध्ये उतरला आहे.

मग साठ्याचा हिशेब. रुग्ण आणि कर्मचारी मिळून सुमारे १००० माणसे किमान पाच दिवस बाहेरच्या मदतीशिवाय आत राहू शकतील, असे ठरवून सगळे मोजले. त्यासाठी इंधन किती, पिण्याचे पाणी किती, यंत्रे थंड ठेवायला पाणी किती, अन्न किती. आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते, म्हणजे मैलापाणी. शहराचे पंप बंद पडले की हजार माणसांचे मैलापाणी पाच दिवस कुठे जाणार? कॅटरिनाच्या दिवसांत रुग्णालयांत माणसे ज्या दुर्गंधीत राहिली, त्याची वर्णने वाचून ढवळून येते. म्हणून त्याचीही सोय आतच केली. खिडक्या वादळी वाऱ्याला आणि उडत येणाऱ्या वस्तूंना टिकतील अशा बसवल्या.

अशी इमारत बांधणे महाग पडते, हे लपवायचे कारण नाही. जड यंत्रे वर नेली की खालचे खांब आणि पाया त्या हिशेबाने बळकट करावे लागतात. आवाज आणि थरथर रोखायचा खर्च वेगळा.

आणि हे काम अर्धवट करून चालत नाही, हे २०१२ मध्ये न्यू यॉर्कने दाखवले. तिथे सँडी वादळात समुद्राचे पाणी मॅनहटनमध्ये शिरले. बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर १३ व्या मजल्यावर, सुरक्षित होते. पण त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात होते. ते बुडाले. मग कर्मचारी आणि जवानांनी जिन्यात साखळी करून हातोहात इंधन वर पोहोचवले. शेवटी रुग्णालय रिकामे करावेच लागले. जवळच्या व्हीए रुग्णालयाने वादळापूर्वीच रुग्ण हलवले होते म्हणून ते निभावले, पण इमारतीचे इतके नुकसान झाले की कित्येक महिने ती बंद राहिली. साखळीची एक कडी खाली राहिली तर बाकीच्या वर असून काय उपयोग?

या इमारतीची किंमत

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की ही यशाची कहाणी आहे. पूर्णपणे तशी नाही.

नवे व्हीए रुग्णालय आणि त्याच्या शेजारी राज्याचे नवे विद्यापीठ रुग्णालय यांच्यासाठी लोअर मिड-सिटी या वस्तीतली सुमारे ७० एकर जागा घेतली गेली. ती मोकळी नव्हती. जुनी लाकडी घरे होती, आणि त्यांत राहणारी बहुतेक साधी, कष्टकरी माणसे होती. कॅटरिनात घर बुडाले, कर्ज काढून ते दुरुस्त केले, आणि दुरुस्ती संपते तोवर सरकारची नोटीस आली, असे अनेकांचे झाले. वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये जुने चॅरिटी रुग्णालय आणि ही वस्ती यांना देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ठिकाणांच्या यादीत घातले. चॅरिटीची भक्कम इमारत आतून नवी करून वापरता येईल असा अभ्यासही झाला. तो मानला गेला नाही. काही घरे उचलून दुसरीकडे नेली, बाकीची पाडली. आवारातल्या दोन जुन्या वास्तू मात्र सामावून घेतल्या. १९०७ च्या डिक्सी ब्रुअरीचा दर्शनी भाग संशोधन विभागात राहिला आणि कॅनॉल स्ट्रीटवरची विमा कंपनीची जुनी इमारत कार्यालय झाली. दारूभट्टी वाचली आणि घरे गेली, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

दुसरी किंमत वेळेची. भूमिपूजन जून २०१० मध्ये झाले, म्हणजे वादळानंतर पाच वर्षांनी. २०१६ च्या अखेरीस बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. आंतररुग्ण २०१८ मध्ये आले. २०१३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने व्हीएच्या न्यू ऑर्लिन्ससह चार मोठ्या रुग्णालय प्रकल्पांची तपासणी केली, तेव्हा सरासरी ३५ महिन्यांचा उशीर आणि प्रत्येक प्रकल्पात वाढलेला खर्च समोर आला. एकट्या न्यू ऑर्लिन्सचा खर्च एक अब्ज डॉलरच्या घरात गेला. या दहा-बारा वर्षांत त्या शहरातले किती म्हातारे सैनिक शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या गावी जात राहिले असतील? दुसऱ्या महायुद्धातले कित्येक तर नवे रुग्णालय न पाहताच गेले.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे परदेशातली चांगली गोष्ट सांगताना तिचे ओरखडे पुसून सांगायची सवय आहे. भक्कम इमारत उभारणे हे अभियंत्याचे काम आहे. ती कोणाच्या अंगणावर उभी करायची आणि तोवर रुग्णाने कुठे जायचे, हा न्यायाचा प्रश्न आहे. न्यू ऑर्लिन्सने पहिले काम उत्तम केले, दुसऱ्यात तो कमी पडला.

परीक्षा २०२१ मध्ये आली. तारीखही तीच, २९ ऑगस्ट. आयडा हे वादळ लुईझियानावर आदळले. शहराला वीज आणणाऱ्या आठही वाहिन्या बंद पडल्या आणि न्यू ऑर्लिन्स काळोखात गेले. या वेळी नव्याने बांधलेल्या पूरभिंती टिकल्या, त्यामुळे होड्यांच्या धक्क्याची गरज पडली नाही. आणि कॅनॉल स्ट्रीटवरचे व्हीए रुग्णालय चालू राहिले. वर्तमानपत्रात मोठा मथळा व्हावा असे काहीच तिथे घडले नाही, आणि तेच तर हवे होते.

इबरत

मी उर्दू शिकवतो, तेव्हा एका शब्दापाशी मुलांना नेहमी थांबवतो: इबरत. मराठीत आपण त्याला 'धडा' म्हणतो, पण अर्थ थोडा अधिक आहे. ज्या अरबी धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थ ओलांडणे, पार करणे. दुसऱ्यावर जे गुदरले ते पाहून आपण पैलतीरावर जाणे, म्हणजे इबरत. स्वतः बुडून शिकलो तर तो फक्त अनुभव.

आपल्या देशात इबरत घेतल्याची उदाहरणे आहेत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचे जिल्हा रुग्णालय कोसळले. त्याच्या जागी उभे केलेले नवे रुग्णालय शिशाचा गाभा असलेल्या रबरी बेअरिंगांवर बसवले आहे. जमीन हलली की धक्क्याचा मोठा भाग बेअरिंग खाऊन टाकतात आणि वरची इमारत सावकाश डोलते. देशातले या पद्धतीचे ते पहिलेच रुग्णालय मानले जाते. आपल्याला जमत नाही, असे म्हणायची सोय भुजने ठेवलेली नाही.

आणि न घेतल्याचीही आहेत. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. तिथल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरले, वीज गेली आणि आठ रुग्ण दगावल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा मला ऑलिव्ह व्ह्यूचे ते दोन रुग्ण आठवले. मधे पन्नास वर्षे गेली होती, दोन खंडांचे अंतर होते, पण गोष्ट तीच होती.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक विनंती. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात पुढच्या वेळी गेलात, कोणाला पाहायला, केसपेपर काढायला, तर एक काम करा. जनरेटर कुठे आहे ते पाहा. त्याचे डिझेल कुठे ठेवतात, ऑक्सिजनची जागा कुठे आहे, औषधांचे कोठार कितव्या मजल्यावर आहे ते विचारा. मागच्या महापुराचे पाणी भिंतीवर कुठपर्यंत आले होते, हे शेजारचा चहावाला सांगेल. या दोन उंची एकमेकींशी ताडून पाहा. यासाठी अभियंता असावे लागत नाही. आणि नव्या इमारतीचा नारळ फुटायच्या आधी, ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत, हा एकच प्रश्न विचारा. नारळ फुटल्यावर विचारून उपयोग नसतो.

मामू आता हयात नाहीत. त्यांची ती लोखंडी पेटी माझ्याकडे आहे, तळाशी गंजलेली. आमच्या घरातल्या सर्वांचे केसपेपर आणि दाखले मी तीत ठेवतो, प्रत्येक कागदाचा फोटो काढून मुंबईच्या बहिणीकडे पाठवतो. आणि पेटी आता खाटेखाली नसते. माळ्यावर असते.